एक घास ठेवून

प्रिय आचारीबुवा,

'प्रिय' लिहिलं आणि पुढे काय लिहावं म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले. आधीच्या पत्रांत नुसतं 'अहो' लिहून वेळ मारून नेली होती. तुमचं नाव मी जन्मात कधी तोंडानं घेतलं नाही, आता म्हातारपणी कागदावर घेऊन काय दिवे लावणार. सहलीच्या गाडीतले सगळे प्रवासी तुम्हाला आचारीबुवा म्हणायचे, त्यांचं ऐकून मीही तेच म्हणायला लागले, तेव्हा तेच राहू दे. तर आचारीबुवा, मी परतीच्या रेल्वेत बसले आहे. सहल संपलेली नाही. बाकीची मंडळी पुढे गेली, मी मध्येच उतरले. लगेच कपाळाला आठ्या घालू नका, आधी सगळं वाचा. अक्षर हलतंय ते डब्यामुळे. निदान निम्मं तरी डब्यामुळे.

परवा संध्याकाळी थोरलीशी फोनवर बोलले. तुमचा आवाज गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलण्यात काही राम राहिला नाही. मी इकडून विचारायचं, तुम्ही पाटीवर लिहायचं आणि ते लेकीनं वाचून दाखवायचं, म्हणजे या वयात नवराबायकोच्या मध्ये दुभाषी. म्हणून तर ही पत्रं सुरू केली. थोरली सांगत होती की पोटावर जिथून नळी घातली आहे तिथली जागा पुन्हा लाल झाली आहे, ताप येतो-जातो, झोप म्हणून लागत नाही. नळीतून ते पातळ पांढरं ओतायची वेळ झाली की बाबा भिंतीकडे तोंड करून पडतात, म्हणाली. मग जरा थांबली. तिचं थांबणं मला कळतं, लहानपणी काही फोडलं की ती अशीच थांबायची. म्हणाली, आई, रोज पोस्टमन येऊन गेला की बाबा पाटी पुढे करतात, आणि तिच्यावर रोज तेच लिहिलेलं असतं. जेवली का?

आपल्या दोघांत ठरलेलं तिला माहीत नाही. तिला वाटतं, बाबांना माझी काळजी लागून राहिली आहे. मी तिला म्हटलं, आवाज नीट येत नाही गं, आणि फोन ठेवला.

निघायच्या आधीचा तो दिवस मी विसरायचा म्हटला तरी विसरत नाही. डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं की गाठ आता घशापुरती राहिलेली नाही. नळीनं पोटात अन्न जाईल, महिने निघतील, पण दुखणं मागे हटायचं नाही. नळी नकोशी झाली तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, मग शेवटपर्यंत दुखू नये एवढं ते बघतील. घरी आल्याबरोबर तुम्ही पाटी मांडीवर घेतलीत आणि वाढणाऱ्याला म्हणावं तसं लिहिलंत, 'पुरे'. मी पदरानं पुसून टाकलं. तुम्ही पुन्हा लिहिलंत, मी पुन्हा पुसलं. थोरली आत जाऊन नळ सोडून उभी राहिली, म्हणजे तिचं रडणं बाहेर ऐकू येऊ नये. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. माझा पदर पांढरा झाला आणि तुमची पेन्सिल झिजली, तेव्हा तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंत की तू सहलीला जा. सगळीकडचं जेव. ज्या दिवशी ताट पुसून, पोटभर जेवशील, त्या दिवशी खरं खरं कळव. तोवर मी 'पुरे' म्हणणार नाही.

मी म्हटलं होतं, जळो ती सहल. सहल कंपनीच्या मालकांनी निवृत्तीची भेट म्हणून दोन जागा दिल्या होत्या, दोन. एक जागा रिकामी ठेवून मी कुठे जाऊ. पण तुम्ही हट्टाला पेटलात की तुमच्यापुढे कुणाचं चाललंय. आणि खरं सांगू का, मला हिशेब लगेच कळला होता. मी जेवले नाही तर तुम्ही राहणार. मग काय, एवढं सोपं काम दुसरं कुठलं होतं. मी पिशवी भरली.

लोकांना वाटतं, आचारीबुवा आणि त्यांची बायको सगळा देश फिरून आले, काय काय खाल्लं असेल. काय खाल्लं ते आपलं आपल्याला माहीत. बर्फ पडत असताना तंबूत भात शिजवला, वाळूत शेगडी मांडून पोळ्या लाटल्या, आणि समुद्राकाठी शेजारच्या झोपडीतून मासे भाजल्याचा वास येत असताना माना खाली घालून मटार सोलले. माणसांना घरापासून इतक्या लांब न्यायचं आणि ताटात मात्र घरचंच वाढायचं, हा कंपनीचा धंदा. मंडळी डोंगर बघून यायची आणि म्हणायची, डोंगर काय, ठीक आहे, पण आजचा भात काय मोकळा झाला होता. त्यांचं झालं की उरलंसुरलं आपण उभ्यानं खायचं, भांडी घासायची, बसच्या पोटात भरायची की पुढचं गाव. तुम्ही म्हणायचात, एकदा हे सुटलं ना, की याच वाटेनं पाहुणे म्हणून यायचं. जिथलं असेल तिथलं खायचं, बसून खायचं, आणि वाढायला दुसरं कुणीतरी. मी म्हणायचे, तुम्हाला दुसऱ्याच्या हातचं आवडलं तर ना.

तुम्ही तर स्वतःच्या हातचंही चाखायचा नाहीत. ज्यांनी तुम्हाला कामाला शिकवलं त्यांनी बजावलं होतं म्हणे, की दिवसभर चाखत राहणाऱ्याची जीभ दुपारनंतर मठ्ठ होते. म्हणून तुम्ही नुसत्या वासावर स्वयंपाक करायचात आणि पळीभर माझ्या तळहातावर घालायचात. मी पातेल्याच्या पलीकडे उभी. एकदा डोळे मिटले की बरोबर आहे. खाली बघितलं की मीठ कमी. कान चोळला की जास्त झालंय, आता निस्तरा. प्रवाशांच्या देखत बोलायला नको म्हणून ही खूण, पण ती इतकी अंगवळणी पडली की थोरलीनं लग्नासाठी मुलगा घरी आणला तेव्हासुद्धा तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. मी एकदा डोळे मिटले आणि तुम्ही त्याला चहा विचारलात. मीठवाली म्हणायचात मला. गाडीत कुणी माझी ओळख विचारली तर सांगायचात, ही आमची मीठवाली, हिच्यावर कंपनी चालते.

आता कंपनी कशावर चालते ते विचारू नका. तुमच्या जागी आलेला नवा आचारी कानात तारा अडकवून फोडणी देतो आणि भाजीत साखर घालतो. पहिल्याच दिवशी त्यानं मला वाटीत घालून दिलं आणि विचारलं, काकू कसं झालंय. मी सवयीनं कान चोळला. तो आपला उभाच. त्याला काय कळणार. मी म्हटलं, छान झालंय बाबा. आणि माझ्या शेजारच्या जागेवर, म्हणजे तुमच्या, मी पिशवी ठेवली होती, तिथे एका बाईंनी येऊन विचारलं की इथे कुणी आहे का. मी म्हटलं, आहेत. त्या बिचाऱ्या पुढचे कितीतरी दिवस ते कधी येतात म्हणून वाट बघत होत्या.

प्रत्येक मुक्कामाला मंडळी नव्याच्या हातचं जेवायला बसली की मी गावात जायचे आणि तिथल्या माणसांकडे पैसे देऊन जेवायचे. समुद्राकाठी धक्क्यावर एका घरात पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला मासा मिळाला, वर नारळाचा आंबट रस्सा. त्या पानाचा वास माशात उतरला होता. तुम्हाला लिहिलं तेच, तुम्ही असतात तर पान उघडायच्या आधीच सांगितलं असतंत आत काय काय आहे. डोंगरात वाळवलेल्या पालेभाजीचं दाट कढण आणि जाड भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, आणि चहात चक्क मीठ. त्या घरची म्हातारी चहात मीठ टाकताना मी बघितलं आणि इतकी हसले की तिला वाटलं मला थंडी बाधली. वाळवंटात पाण्याची ओढ, म्हणून वाळवलेल्या शेंगा ताकात शिजवतात. दिसायला काड्या, खायला अशा की बोटं चाटावीत. सगळं तुम्हाला लिहिलं. आणि प्रत्येक पत्रात शेवटी लिहिलं की एक घास राहिला. माशात काटा लागला. भाकरी जड झाली. तिखट सोसलं नाही. ते सगळे बहाणे होते आणि तुम्हाला ते कळले असणारच. काटा कधी लागला नाही. मी मोजून एक घास ताटात ठेवायचे आणि हात धुवायचे. डोंगरातली म्हातारी माझ्या मागे दारापर्यंत ताट घेऊन आली, एवढं तरी खा म्हणून खुणा करत. तिला कसं सांगू की तो घास म्हणजे माझा नवरा आहे.

ताटं वाचायला मला तुम्हीच शिकवलंत. भाजी काठाला सारली असेल तर तिखट झालं, पोळीच्या कडा उरल्या तर तवा तापला होता, भात मधूनच उकरून सोडला असेल तर त्या माणसाचं घरी काहीतरी बिनसलं आहे. माणूस तोंडावर छान छान म्हणेल, घासायला आलेलं ताट खोटं बोलत नाही, असं म्हणायचात. आणि चाटूनपुसून आलेल्या ताटाकडे बघायचंच नाही, तिथे सगळं ठीक असतं. तिथेच आपली दोघांची विद्या फसली, आचारीबुवा.

वाळवंटातून निघाल्यावर चाक बदलायला बस थांबली होती. मंडळी झाडाखाली पांगली. आपला ड्रायव्हर माझ्याजवळ आला, हात पुसत उभा राहिला, आणि म्हणाला, वहिनी, हे पोटात ठेवून मला गाडी चालवता येत नाही. मग त्यानं सांगितलं. गेला सगळा मोसम तुम्ही वाऱ्याला बसतो म्हणून ताट घेऊन बसच्या मागे जायचात. तिथे कुत्री थांबलेली असायची. तुम्ही एकेक घास त्यांच्यापुढे टाकायचात, आणि मग ताट घासून सगळ्यांत वर ठेवायचात. त्यानं बघितलं तेव्हा तुम्ही त्याला मुलाबाळांची शपथ घातलीत. ठरलेल्या मुक्कामांवरची कुत्री आमच्या गाडीचा आवाज ओळखायला लागली होती, म्हणाला. मी त्याच्या अंगावर ओरडले, नको ते बोलले. मग त्यानंच मला पाणी आणून दिलं.

सगळा मोसम तुम्ही डाळीच्या पाण्यावर काढलात आणि मी बायकांना कौतुकानं सांगत होते, आमचे हे स्वतःचं ताट स्वतः घासतात हो. बारीक झालात म्हणून विचारलं तर म्हणालात, पट्टा सैल झालाय. आवाज बसला तर म्हणालात, धूर. आणि डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत, सहा-आठ महिने आधी आला असतात तर. ते वाक्य ऐकताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला तेव्हा कळलं नाही का ते. आता कळलं. मोसम पुरा झाला पाहिजे, तर मालक दोन जागा देणार, तर मीठवालीला सगळीकडचं खाऊ घालता येणार, म्हणून तुम्ही दुखणं गिळलंत. तेवढं एक तुम्हाला गिळता येत होतं. माझा इतका संताप झाला की तुम्ही समोर असतात तर पळी फेकून मारली असती. अजूनही झालेला आहे. तुमची शपथ, असं कुणी कुणाला फसवत नाही. पस्तावा करायलासुद्धा तुम्ही मला जागा ठेवली नाहीत, कारण मी काय चुकले तेच सापडत नाही. ताट स्वच्छ होतं.

त्यानंतर पूर्वेकडे मोठ्या नदीकाठी मुक्काम होता. तिथल्या एका घरात मला जेवायला बसवलं. तिथे जेवणाची सुरुवात कडूनं करतात, कारली आणि कसला तरी कोवळा पाला, मग डाळ, मग मोहरीत शिजलेला मासा, सगळं एकामागून एक, घाई म्हणून नाही. ती घरची माणसं वाढून आत निघून जायची. खोलीत मी एकटी, समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. कडू पहिला घास तोंडात घातला आणि मला एकदम उमगलं. तुम्हाला माझ्या पत्रातल्या चवी नकोच होत्या. तुम्ही मला एकटीनं जेवायला शिकायला पाठवलं आहे. माहेरी भावंडांचा गोतावळा होता, लग्न झाल्यावर उभ्यानं का होईना पण तुमच्या शेजारी जेवले; एकटीनं बसून, कुणी वाढलेलं, मी जन्मात कधी जेवले नव्हते. मोठ्या सहलीच्या नावाखाली तुम्ही मला शिकवणीला घातलंत. मी तिथे एक घास नाही, अर्धं ताट तसंच ठेवलं आणि उठले. मनात म्हटलं, बघतेच मला कोण शिकवतं ते.

आता परवाचं सांगते. त्यासाठीच इतकं लिहिते आहे आणि इतका वेळ टाळते आहे.

सकाळी आम्ही जंगलातल्या रस्त्यानं निघालो तर पुढे भलंमोठं झाड आडवं पडलेलं. पुढेही जाता येईना, मागेही. दुपार झाली. नव्या आचाऱ्याचा गॅस संपला होता, वर त्याचं म्हणणं की तो कुणी भरायचा हे त्याला सांगितलं नव्हतं. मंडळी बिस्किटं खात आणि त्याला शिव्या देत बसली. मी पाय मोकळे करायला म्हणून वाटेनं खाली उतरले तर एक घर लागलं. मातीची दोन खोल्यांची जागा, अंगणात कोंबड्या, दारात माझ्याच वयाची बाई. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन ताट घेऊन आली. कालचा भात, रात्रभर पाण्यात ठेवून आंबलेला, त्याच पाण्यासकट. चुलीत भाजून कुस्करलेलं वांगं, कांद्याची फोड, जळकी मिरची. बस्. ज्याला आपण शिळं म्हणून गाडीतल्या माणसांना कधी दाखवलंसुद्धा नसतं.

ती माझ्या समोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. मी सवयीनं खाली बघितलं. मुद्दाम नाही हो, नुसती सवय. आणि ती बाई उठली, आतून चिमूटभर मीठ घेऊन आली आणि माझ्या भातात घातलं. मी वर बघितलं. ती वाट बघत होती, बरोबर झालं का म्हणून, तुम्ही बघायचात तशी. मी एकदा डोळे मिटले. मग मी खाल्लं. पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि सकाळपासूनच का, महिनाभर मी प्रत्येक जेवणावरून पोट भरू न देता उठत होते. तो गार आंबट भात घशाखाली उतरत गेला. तिनं आणखी वाढला, मी नाही म्हटलं नाही. पाणी प्यायले ताटाला तोंड लावून. वांगं बोटानं पुसून घेतलं, बोट चाटलं. आणि मग माझं लक्ष ताटाकडे गेलं.

त्यात काही नव्हतं. एक शीतसुद्धा नाही.

त्या बाईनं ताट उचललं, जरा तिरपं करून बघितलं, आपण बघतो तसंच, आणि खूश होऊन हसली. मी मात्र तिच्या घरामागे जाऊन बोटं घशात घालायला निघाले होते, इतकं माझं डोकं फिरलं होतं. पण अन्न ओकायला हात धजला नाही, जिचा नवरा एक घास गिळू शकत नाही त्या बाईनं ते कसं करावं. तशीच कोंबड्यांमध्ये बसून राहिले. मला भूक लागली होती, आचारीबुवा, एवढीच गोष्ट. तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून पडला आहात आणि मला इकडे भूक लागली, मी जेवले, आणि जेवून बरं वाटलं. अंगात ऊब आली. ते बरं वाटणं मी स्वतःला कधी माफ करणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे मला पक्कं ठाऊक आहे की उद्या पुन्हा भूक लागणार आहे, परवाही लागणार आहे, तुम्ही असा की नसा. या मेल्या पोटाला काही कळत नाही.

त्याच संध्याकाळी झाड बाजूला झालं, गाडी गावात आली, आणि मी थोरलीला फोन केला. ते वर लिहिलंच आहे. फोन ठेवल्यावर मनात आलं की कोण बघायला आलं होतं. लिहून टाकावं की इथेही एक घास राहिला, भात आंबट होता. अजून वीस गावं काढता आली असती. मालकांना सांगून दुसऱ्या सहलीला गेले असते, तिसऱ्या सहलीला गेले असते, सगळ्या देशात एकेक घास टाकत फिरले असते. पण मग थोरलीनं सांगितलेली ती लाल जागा डोळ्यांपुढे आली. तुम्ही रोज पाटी पुढे करता ते आलं. मी इकडे एकेक घास टाकते आहे आणि त्याच्यापायी तिकडे तुम्हाला एकेक दिवस ओढावा लागतो आहे, नळीवर. तुम्ही एक मोसम माझ्यासाठी उपाशी राहिलात ते तुमचं तुम्ही ठरवलं होतं. हे मी तुमच्यावर लादते आहे. खोटं मला जमलंही नसतं; बहाणे केले, पण घास खरंच उरलेला असायचा. चवीच्या बाबतीत मी तुम्हाला कधी खोटं सांगितलेलं नाही. काल सकाळी ड्रायव्हरनं मला स्टेशनवर सोडलं, पिशवी डब्यात ठेवून दिली, आणि दाराशी उभा राहून म्हणाला, आचारीबुवांना माझा नमस्कार सांगा. त्याला मी माफ केलं आहे. तुम्हाला अजून नाही.

उद्या दुपारपर्यंत पोहोचेन. पत्र पोस्टात टाकत नाही, सोबतच आणते आहे. एक मागणं आहे. लगेच डॉक्टरांना बोलावू नका. एक दिवस मला द्या. मी तुमच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन ताट मांडीवर घेईन आणि तुमच्यासमोर जेवेन, सावकाश, आणि रिकामं ताट घासायला न टाकता तुमच्या हातात देईन. तुम्ही ते वाचा, उलटून पालटून बघा, कुठे खोट दिसली तर सांगा. मग तुमची खात्री पटेल. दारातून आत आले की तुम्ही पाटी पुढे कराल, हे मला माहीत आहे, आणि मी फक्त एकदा डोळे मिटायचे आहेत, जन्मभर मिटत आले तसे. तेवढं मला जमेल असं वाटत नाही. वाटेत आरशासमोर करून बघितलं, डोळे मिटतात, पण मग उघडत नाहीत. म्हणून हे पत्र लिहिलं आहे. मी नुसतीच दारात उभी राहिले तर थोरली ते तुमच्या हातात देईल. मी जेवले, आचारीबुवा. पोटभर जेवले, ताट पुसून जेवले. आता पाटीवर काय लिहायचं ते लिहा. या वेळी मी पुसणार नाही.

तुमचीच,
मीठवाली